ट्रॉम्बोनवर अठराव्या शतकातील पवित्र गायनसंगीत

लग्नसराईत रेणापूर, लातूर, नांदेड या परिसरातून वराती निघतात, तेव्हा बँडपथकात ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम यांच्या सोबतीला कधी कधी ट्रॉम्बोनही दिसतो. लांब पितळी नळी, ओठांशी लहान पेल्यासारखा तुकडा आणि उजव्या हाताने पुढे-मागे सरकवायची दुहेरी नळी अशी या वाद्याची ठेवण असते. आपल्या भागातील बहुतेक भाविकांची ट्रॉम्बोनशी ओळख एवढीच आहे. त्यामुळे अठराव्या शतकातील एखादी पवित्र गानरचना ट्रॉम्बोनवर ख्रिस्तयागात वाजवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न संगीताचा नसतो, वाद्याच्या जागेचा असतो. वरातीतले वाद्य वेदीपाशी कसे आणावे?

हा प्रश्न गैर मानण्याचे कारण नाही. रेणापूर रेणुकादेवीच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. देवीच्या गोंधळाला संबळ व तुणतुणे, कीर्तनाला टाळ-मृदंग, मंगलकार्याला सनई, दवंडीला हलगी, अशी प्रत्येक वाद्याची जागा या मातीत ठरलेली आहे. ती कोणाला शिकवावी लागत नाही. ट्रॉम्बोनची जागा मात्र आपण अर्धवट माहितीवर ठरवली आहे. वरातीत येण्याच्या कितीतरी आधी हे वाद्य चर्चमध्ये होते, आणि तेथे त्याचे मुख्य काम मानवी कंठाला साथ देण्याचे होते. प्रस्तुत लेखात प्रथम ही पूर्वपीठिका, त्यानंतर वादनाचे तंत्र आणि शेवटी उपासनेचे नियम यांचा विचार केला आहे.

गायनवृंदातील ट्रॉम्बोन

अठराव्या शतकात युरोपच्या बऱ्याच भागांत ट्रॉम्बोन मागे पडला होता. कॅथलिक ऑस्ट्रियात, विशेषतः व्हिएन्नाच्या राजदरबारी चॅपेलमध्ये आणि साल्झबुर्गच्या कॅथिड्रलमध्ये, तो टिकून राहिला. तेथील रीत साधी होती. गायनवृंदातील आल्टो, टेनर आणि बास या तीन स्वरांना प्रत्येकी एक ट्रॉम्बोन जोडलेला असे, आणि गायक जे गात तेच स्वर वादक वाजवत असे. वरच्या सोप्रानो स्वराला सहसा ट्रॉम्बोन नसे. मोझार्टने साल्झबुर्गसाठी रचलेल्या मिस्सांमध्ये, उदाहरणार्थ १७७९ च्या ‘कोरोनेशन मिस्सा’मध्ये, हीच योजना आढळते. कीर्तनकाराच्या मागे उभा राहणारा टाळकरी जसा मुख्य स्वर उचलून धरतो, तसे हे काम होते. ऐकणाऱ्याला ट्रॉम्बोन वेगळा जाणवत नसे, पण तो नसला तर गायनाचा कणा ढिला पडे.

याच मंडळींतून एकलवादनही पुढे आले. व्हिएन्नाच्या दरबारात योहान योसेफ फुक्स (१६६०-१७४१) आणि आंतोनियो काल्दारा (निधन १७३६) यांनी पवित्र रचनांत गायकाच्या बरोबरीने ट्रॉम्बोनला स्वतंत्र चाल दिली. फुक्सच्या ‘आल्मा रेदेम्प्तोरिस मातेर’ या मरियास्तुतीत सोप्रानो गायन आणि आल्टो ट्रॉम्बोन एकमेकांना उत्तर देत जातात. स्वतः सम्राट पहिला योसेफ (१६७८-१७११) याने सोप्रानो व ट्रॉम्बोनसाठी एक आरिया रचली होती. अशा रचना सुचतात त्या हाताशी उत्तम वादक असतात म्हणून. व्हिएन्नाच्या दरबारात ख्रिस्तियान या आडनावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ट्रॉम्बोनवादन सांभाळले होते. आपल्याकडील घराणेदार सनईवादकांची येथे आठवण होते.

साल्झबुर्गमध्ये टोमास ग्श्लाट हा वादक होता. १७५७ साली तेथील संगीताचा वृत्तांत लिहिताना लिओपोल्ड मोझार्टने त्याची मोठी वाखाणणी केली आहे. लिओपोल्डचा मुलगा वोल्फगांग अकरा वर्षांचा असताना, १७६७ साली, त्याने ‘पहिल्या आज्ञेचे कर्तव्य’ या पवित्र संगीतनाट्याचा पहिला भाग रचला. त्यातील एका आरियात आल्टो ट्रॉम्बोन गायकाच्या जोडीने वाजतो. चोवीस वर्षांनी, १७९१ मध्ये, मृत्युशय्येवर अपुऱ्या राहिलेल्या ‘रेक्वियेम’मध्ये अंतिम न्यायाच्या कर्ण्याचे कडवे सुरू होते तेव्हा प्रथम एकटा ट्रॉम्बोन बोलतो आणि मग बास गायक शब्द उच्चारतो. हे कडवे ट्रॉम्बोनकडे जाण्यामागे एक भाषिक कारणही आहे. जर्मन बायबलमध्ये कर्ण्यासाठी जो शब्द रूढ झाला तोच ट्रॉम्बोनचेही नाव आहे. जर्मनभाषक श्रोत्याच्या कानाला शेवटचा कर्णा म्हणजे ट्रॉम्बोनच होता.

इंग्लंडमध्ये तोवर हे वाद्य जवळजवळ विस्मृतीत गेले होते. तरीही हेंडेलने १७३९ मध्ये सादर झालेल्या ‘सॉल’ आणि ‘इस्रायल इन इजिप्त’ या दोन्ही ओरातोरिओंत तीन ट्रॉम्बोन योजले. सिम्फनी आणि लष्करी बँड यांत ट्रॉम्बोन रुळला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडे तो आला तो या दुसऱ्या वाटेने, पलटणींच्या बँडमधून, आणि पलटणीच्या बँडचे अनुकरण करीत वरातीच्या बँडमध्ये. चर्चची वाट गोव्यात राहिली. तेथील धर्मग्रामशाळांतून पोर्तुगीज काळापासून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी, व्हायोलिन आणि गायन शिकवले जात असे. या शाळांतून तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गेले. मराठवाड्यापर्यंत मात्र ती वाट पोहोचली नाही.

शब्द गेल्यावर काय उरते?

गायनासाठी लिहिलेली रचना वाद्यावर घेतली की पहिला बळी शब्दांचा जातो. मराठी श्रोत्याला हे नवे नाही. सनईवर अभंग वाजतो, पेटीवर नाट्यपद वाजते आणि ऐकणारा मनातल्या मनात शब्द गुणगुणतो. वादक शब्द देत नाही, श्रोता ते आपल्या घरून आणतो. ही देवघेव शक्य होते ती दोघांनाही पद आधीपासून पाठ असते म्हणूनच.

ट्रॉम्बोनच्या इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. ते कॅथलिक नाही, तरी येथे सांगण्याजोगे आहे. मोरावियन बंधुमंडळाने अठराव्या शतकात जर्मनीतील हेर्नहुट येथे आणि १७५४ पासून अमेरिकेतील बेथलेहेम या गावी ट्रॉम्बोनवादकांचे ताफे उभे केले. मंडळीत कोणी निधन पावले की वादक उंचावर उभे राहून स्तोत्रांच्या चाली वाजवत. त्या मंडळीत वय आणि जीवनावस्था यांनुसार भाविकांचे गट असत. विवाहित पुरुष, विधवा, अविवाहित भगिनी, बालके अशा प्रत्येक गटाची चाल ठरलेली असे. शेतात काम करणारा माणूस नांगर थांबवून ऐके. एक शब्दही न उच्चारता त्याला कळे, की कोणत्या गटातील व्यक्ती प्रभूकडे गेली आणि आपण कोणती प्रार्थना म्हणायची. ट्रॉम्बोन बोलत होता, कारण गावाला भाषा ठाऊक होती.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जगभरच्या चर्चमध्ये विवाहप्रसंगी व अंत्यविधीला ‘हेंडेलचा लार्गो’ म्हणून एक संथ, गंभीर चाल वाजवली जाते आणि सारे ती पवित्र समजून ऐकतात. वस्तुतः ती १७३८ च्या ‘सेर्से’ या ऑपेरातील आरिया आहे आणि तिच्यात पर्शियाचा राजा एका झाडाच्या सावलीची स्तुती करतो. शब्द गळले आणि झाडाची सावली प्रार्थना होऊन बसली. चाल गंभीर आहे एवढ्याने ती पवित्र ठरत नाही, हे वादकाने आणि धर्मग्रामाच्या याजकानेही विसरू नये. आपल्याकडे वारंवार मागितल्या जाणाऱ्या दोन ‘आवे मारिया’ही अठराव्या शतकातील नाहीत. शूबर्टची १८२५ ची आहे आणि मुळात ती एका काव्यातील नायिकेचे गीत आहे. बाखच्या नावावर चालणारी चाल एकोणिसाव्या शतकात गुनोने बाखच्या एका वाद्यरचनेवर रचली आहे. त्या वाजवू नयेत असे नाही, पण काय वाजवतो आहोत ते ठाऊक असावे.

रेणापूरसारख्या ठिकाणच्या एखाद्या छोट्या ख्रिस्ती समुदायाला लॅटिन स्तोत्रांचे शब्द पाठ नाहीत. मोझार्टची ‘आवे वेरुम’ तेथे ट्रॉम्बोनवर वाजली, तर श्रोत्याच्या मनात भरून काढायला काहीच नसते. त्याला एक गोड पाश्चात्त्य चाल ऐकू येते, इतकेच. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की वादनाआधी त्या स्तोत्राचा मराठी अनुवाद सावकाश वाचला जावा किंवा छापून समुदायाच्या हाती द्यावा. हे न करता केलेले वादन कितीही सुरेल असले तरी ते अर्धेच होय. उलट शब्द कळल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी भाविक स्वतःच मनात प्रार्थना करू लागतात, आणि सनईवरील अभंगाची किमया येथेही घडते.

वादनाचे तंत्र

सर्वसाधारण टेनर ट्रॉम्बोनची नळी सुमारे नऊ फूट लांबीची असते. सरकनळी पूर्ण आत असताना वाद्याचा मूळ स्वर आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच असतो. नळी बाहेर सरकवत गेले की प्रत्येक स्थानाला अर्धा स्वर उतरतो. अशी सात स्थाने आहेत. उरलेले सारे स्वर ओठांच्या ताणाने आणि श्वासाच्या दाबाने काढायचे. अठराव्या शतकातील एकलवादन मुख्यतः आल्टो ट्रॉम्बोनवर होते. ते वाद्य लहान, त्याचा मूळ स्वर काळी दोन. आज आपल्या भागात आल्टो मिळणे कठीण, म्हणून टेनरवरच भागवावे लागते. काही बँडपथकांत सरकनळीऐवजी झडपांचा ट्रॉम्बोन असतो. त्यावरही या रचना वाजवता येतात, मात्र सूर नेमका जुळवण्याची सरकनळीची सोय त्यात नाही.

सरकनळी हे या वाद्याचे वैभव आहे आणि मोहही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना नळी ओढली की मींड आपोआप लागते. आपल्या कानाला मींड प्रिय असल्याने वरातीतला वादक ती मुक्तहस्ते लावतो आणि लोक वाहवा करतात. अठराव्या शतकातील पवित्र रचनेत हीच मींड विनोदी वाटते. उपाय असा, की स्वर बदलताना श्वास अखंड ठेवावा, नळी झटकन हलवावी आणि त्या क्षणी जिभेने ‘द’सारखा मृदू स्पर्श करावा. म्हणजे दोन स्वर जोडलेलेही राहतात आणि मधली घसर ऐकू येत नाही. ही एक गोष्ट साधायला महिने लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वादकाने स्वरांखाली मूळ शब्द अक्षरे फोडून लिहावेत. एका अक्षरावर गायक जितके स्वर गातो तितके स्वर एकाच आघातात बांधावेत, नवे अक्षर आले की जिभेचा नवा स्पर्श द्यावा. श्वास घ्यायचा तो वाक्य जेथे संपते तेथे, फुफ्फुसे जेथे रिकामी होतात तेथे नव्हे. म्हणून लॅटिन येत नसेल तरी अर्थ समजून घेतल्याशिवाय रचना हाती घेऊ नये. चांगला वादक वाजवत असताना शब्दांची जाण असणाऱ्या श्रोत्याला स्वल्पविरामही ऐकू येतो. श्रोत्याला शब्द ठाऊक नसले तरी वाक्य कोठे संपले हे त्याला कळतेच.

रचनेची निवड करताना आपली झेप ओळखावी. ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही सुरुवातीसाठी सर्वांत योग्य. मोझार्टने ती जून १७९१ मध्ये, मृत्यूच्या सहा महिने आधी, बाडेन येथील गायनवृंदाचा प्रमुख आंतोन श्टोल याच्यासाठी, ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त रचली. अवघी ४६ मात्रागटांची रचना आहे. मुळात ती पांढरी दोन पट्टीत आहे आणि सोप्रानोची चाल एक सप्तक खाली घेतली की टेनर ट्रॉम्बोनच्या सुखद टापूत येते. आरंभी मोझार्टने ‘दबक्या आवाजात’ अशा अर्थाची सूचना लिहिली आहे, आणि पितळी वाद्यासाठी खरी कसोटी तीच. मोठ्याने वाजवणे बँडवाल्याला येतेच. या वाद्यावर हळू वाजवताना स्वर फाटतो, थरथरतो, कधी उमटतच नाही. त्यासाठी रोज नुसते दीर्घ स्वर अगदी मंद काढण्याचा रियाज हवा.

१७८० च्या संध्याप्रार्थनेच्या संचातील ‘लाउदाते दोमिनुम’ ही त्यापुढची पायरी. तिचे शब्द म्हणजे स्तोत्रसंहितेतील सर्वांत लहान स्तोत्र, ११७ वे. एकट्या सोप्रानोची लांबच लांब वाक्ये संपल्यावर गायनवृंद त्रित्वाच्या गौरवाचे कडवे घेतो. त्या ठिकाणी ट्रॉम्बोन थांबवून समुदायाने तो गौरव मराठीत म्हणावा, ही योजना आम्हांस फार उचित वाटते. याउलट ‘एक्सुल्ताते युबिलाते’ टाळावी. ती १७७३ च्या जानेवारीत मिलान येथे वेनान्त्सियो राउत्सिनी या असामान्य गायकाच्या गळ्यासाठी लिहिली गेली. तिच्या ‘आलेलुया’तील ताना ट्रॉम्बोनवर कसरत होतात, प्रार्थना राहत नाहीत. पेर्गोलेसीची १७३६ ची ‘स्ताबात मातेर’ही एकट्या वादकाला सहज पेलत नाही. तिचे कारुण्य सोप्रानो आणि आल्टो हे दोन स्वर एकमेकांवर घासत जातात त्यात आहे. एकच चाल वाजवली तर ते घर्षण हरवते. त्यातील आल्टोचे एकल भाग तेवढे घ्यावेत.

साथीला ऑर्गन नसेल तर पेटी चालते, पण दोन अडचणी येतात. पेटीचा सूर ठरलेला असल्याने ट्रॉम्बोनवादकाने आपली जुळवणी तिच्याकडे न्यावी लागते. शिवाय आपले पेटीवादक चालीच्या मागे चाल वाजवण्यात तरबेज असतात, तर या रचनांना खाली स्वरसमूहांचा आधार लागतो. ते लिहून दिल्याशिवाय जमत नाहीत. ते न जमल्यास एकट्या ट्रॉम्बोनने, साथीविना, वाजवणे बरे. दगडी भिंतींच्या लहान चर्चमध्ये ते अधिक शोभतेही.

ख्रिस्तसभेचे नियम

चर्चमधील वाद्यांविषयी परमाचार्यांनी अनेकदा लिहिले आहे. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १९ फेब्रुवारी १७४९ रोजी, म्हणजे या लेखातील रचनांच्याच काळात, एका परिपत्रकाद्वारे नाटकी संगीताला आळा घातला आणि गायनाचे शब्द स्पष्ट कळले पाहिजेत असा आग्रह धरला. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्रात चर्चमध्ये बँड वाजवण्यास मनाई केली. बिशपांच्या संमतीने मोजकी फुंकवाद्ये उपासनेला साजेशा रीतीने वाजवण्यास, तसेच चर्चबाहेरच्या मिरवणुकीत बँडला, मुभा दिली. मात्र मिरवणुकीत लौकिक गाणी नकोत अशी अट घातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने (४ डिसेंबर १९६३) ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, योग्य त्या अधिकाऱ्यांच्या संमतीने, पवित्र वापरास योग्य अशा इतर वाद्यांनाही दार उघडले.

आपल्या प्रश्नाला थेट भिडते ती ५ मार्च १९६७ ची पवित्र संगीतावरील सूचना. तिच्या ६३ व्या परिच्छेदानुसार वाद्ये स्वीकारताना त्या त्या लोकांची संस्कृती व परंपरा लक्षात घ्यावी, पण जी वाद्ये लोकमतानुसार आणि वापरानुसार केवळ लौकिक संगीताचीच आहेत ती उपासनेत मुळीच नसावीत. येथे लोकमत हा शब्द कळीचा आहे. साल्झबुर्गचे लोकमत आणि रेणापूरचे लोकमत एक नव्हे, आणि साल्झबुर्गचा दाखला देऊन रेणापूरच्या भाविकाला गप्प करता येणार नाही. परंतु लोकमत दगडावर कोरलेले नसते. तबला मैफलीचा आणि पेटी संगीत नाटकाची म्हणून ओळखली जात होती. आज मराठी ख्रिस्तयागात दोन्ही इतकी रुळली आहेत, की त्यांच्याविना रविवार सुना वाटावा. सवयीने जे घडले ते विचारपूर्वक घडवताही येते.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे आणि ती संगीताहून मोठी आहे. मराठवाड्यात हलगी, सनई आणि त्यांच्या मागोमाग आलेला बँड ही कला ज्या समाजांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या समाजांतूनही अनेक कुटुंबे ख्रिस्तसभेत आली. गावाने त्यांचे वाद्य मांडवाच्या दारापर्यंत येऊ दिले आणि वादकाला दाराबाहेर ठेवले. चर्चनेही वाद्य दाराबाहेर ठेवायला सांगितले, तर वादकाला ते कसे ऐकू येईल याचा विचार व्हावा. डीजेच्या भिंतींनी बँडपथकांचा धंदा आधीच खाल्ला आहे. ज्याच्या हातात वाद्य आहे आणि फुंक आहे, त्याला स्वरलिपी आणि स्तोत्राचा अर्थ शिकवणे हे धर्मग्रामाला अशक्य नाही.

एकदा वाद्य स्वीकारले की केव्हा वाजवावे हे ठरलेले आहे. १९६७ च्या त्याच सूचनेच्या ६५ व्या परिच्छेदानुसार एकलवादन ख्रिस्तयागाच्या आरंभी याजक वेदीपाशी पोहोचेपर्यंत, अर्पणविधीच्या वेळी, कम्युनियनच्या वेळी आणि ख्रिस्तयागाच्या शेवटी करता येते. ‘आवे वेरुम’ची स्वाभाविक जागा कम्युनियनची. याजक कृतज्ञतास्तुतीची मुख्य प्रार्थना म्हणत असताना सर्व वाद्ये शांत असावीत. पार्श्वसंगीताची हौस तेथे नको. ६६ वा परिच्छेद आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, पवित्र त्रिदिन आणि मृतांचे ख्रिस्तयाग यांत एकलवादन वर्ज्य ठरवतो. २००२ च्या मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनी (परिच्छेद ३१३) आगमनकाळात संयमाने वाद्ये वापरण्यास परवानगी दिली आहे. प्रायश्चित्तकाळात मात्र, चौथा रविवार आणि मोठे सण वगळता, वाद्ये केवळ गायनाच्या आधारासाठी असावीत.

म्हणजे ज्या प्रसंगी ट्रॉम्बोनची हमखास मागणी होते, तो अंत्यविधीचा ख्रिस्तयाग, नेमका तेथेच एकलवादन बसत नाही. दफनभूमीकडे जाणाऱ्या यात्रेत, उघड्यावर, ते करता येते आणि या वाद्याला ते साजतेही. १८१२ मध्ये लिंझ येथे बेथोव्हेनने मृतांच्या स्मृतिदिनासाठी चार ट्रॉम्बोनच्या लहान रचना लिहिल्या. १८२७ मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतील दोन रचनांना ‘मिसेरेरे’चे शब्द बसवून पुरुषगायकांनी त्या गायल्या. आपण चर्चितो त्याच्या नेमका उलट हा प्रवास, वाद्याकडून कंठाकडे.

‘स्ताबात मातेर’सारख्या रचनेसाठी उपासनेबाहेरची मैफल हा मार्ग आहे. चर्चमधील मैफलींविषयी रोमच्या उपासना खात्याने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी पत्र काढले. त्यानुसार संगीत पवित्र किंवा धार्मिक आशयाचे असावे, प्रवेश विनामूल्य असावा, वादकांनी वेदीच्या आवारात बसू नये, आणि शक्य तर पवित्र साक्रामेंत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावे. बिशपांची परवानगी आधी घ्यावी लागते.

स्वरलिपीविषयी एक सूचना. या रचनांच्या मूळ संहितांवर आता कोणाचा हक्क नाही, पण अलीकडच्या संपादकांनी केलेल्या ट्रॉम्बोनसाठीच्या रूपांतरांवर असू शकतो. त्यामुळे छापील रूपांतराची छायाप्रत काढण्यापेक्षा मूळ गायनसंहितेवरून स्वतः उतरवून घेणे उत्तम. जुन्या प्रतींत सोप्रानो, आल्टो आणि टेनर यांसाठी वेगवेगळ्या स्वरखुणा असतात. बँडमधील वादकाला बहुधा एकच खूण वाचण्याची सवय असते, तेव्हा उतरवताना प्रत्येक ओळीच्या आरंभीची खूण प्रथम तपासावी.